चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत, शुगर खूप वर्षांपासून आहे आणि तंबाखू काही सुटत नाही. हल्ली बाजारात जाताना मधेच उजवी पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभे राहिले की परत चालतात. घरी सगळे वाताचं म्हणून तेल लावतायत. शेजारचे काका म्हणतात ब्लॉकेज असेल, लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगरचा काढा द्या, साफ होतं. देऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, काकांचा अंदाज बरोबर असू शकतो, औषध मात्र चुकलंय. चाललं की दुखतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण. मणक्याचं दुखणं असेल तर बहुतेकदा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, मगच बरं वाटतं.

आता काढा. लोकांना वाटतं नळात गाळ बसतो तशी चरबी आतून चिकटलेली असते, पण ती असते भिंतीच्या आत. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आतल्या अस्तराखाली शिरतं, पांढऱ्या पेशी ते खातात आणि तिथेच मरतात, त्याची गाठ होते, वर पापुद्रा धरतो, आणि हे सगळं वर्षानुवर्षं गुपचूप चालू असतं. पोटात गेलेलं व्हिनेगर तिथं जाऊन काय खरवडणार? खरा धोका म्हणजे तो पापुद्रा फाटला की वर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. हृदयात झालं तर अटॅक, मेंदूत झालं तर लकवा. म्हणून तर छोटा ब्लॉक असलेला धडधाकट माणूसही अचानक कोसळतो. आणि पायात हे झालंय म्हणजे हृदयातही असायची शक्यता बरीच, अशा पेशंटला पाय गमावण्यापेक्षा अटॅकचीच भीती जास्त असते.

तेव्हा आधी एबीआय करून घ्या, दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून तुलना करतात, सुईबिई काही नाही. ०.९ च्या खाली आलं तर ब्लॉकेज धरतात. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याने आकडा कधी खोटाच चांगला येतो, मग डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, लागतो. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी वगैरे डॉक्टर ठरवतील, पण तंबाखू तोंडात असेपर्यंत गोळ्यांना किती यश येणार, हे बाबांना स्पष्ट सांगा. तुमच्याकडून ऐकत नसतील तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

चालणं बंद करू नका, उलट हृदय तपासून झालं की दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. साधारण तीन महिन्यांत न थांबता जास्त अंतर जमायला लागतं. रोज रात्री तळवे बघा, जखम दिसली तर दाखवा, आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, शुगरमुळे चटका कळत नाही. पाय अचानक थंडगार, पांढरा किंवा बधिर पडला तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.