हळीव, अळीव, अहाळीव... आणि अलसी

विचारणा अशी आहे: घरात आजी 'अहाळीव' म्हणते, आई 'हळीव', लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पाटीवर 'अळीवाचे लाडू' लिहिलंय, आणि घरपोच मागवलेल्या पाकिटावर 'अलसी' छापून आलंय. यातलं बरोबर काय आणि हे सगळं एकच का?

पहिली तीन एकच. चौथं वेगळं, ते जवस आहे, परत करा.

अहाळीव हे त्यातलं सगळ्यात भरलेलं रूप. सुरुवातीचा अ गळला की हळीव. अरण्याचं रान झालं ते असंच. मधला ह बोलताना विरला की अळीव. 'नाही'चं 'नाय' करताना आपण हेच करतो. त्यामुळे आजी, आई दोघी बरोबर. गुजरातीत याच बियांना अशेळियो म्हणतात. तो आणि आपला अहाळीव ही भावंडं असावीत असं मला वाटतं, कारण श-चा ह आपल्याला नवा नाही: दश, दहा. हिंदीत हालिम म्हणतात, म्हणून काही किराणावाले 'हलीम' लिहितात. रमजानात पुण्याच्या कॅम्पात जाऊन हलीम मागितलंत, तर मात्र वाडग्यात गहू, डाळ आणि मटण येईल!

संस्कृतात याचं नाव चंद्रशूर. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात मेथी, काळं जिरं, ओवा आणि चंद्रशूर यांच्या चौकडीला चतुर्बीज म्हटलंय. झाड मूळचं इराण-पश्चिम आशियाकडचं, मोहरीच्या कुळातलं. कोरडे दाणे चावून बघा, जिभेला मोहरीसारखी चरचर जाणवते.

आता अलसी. संस्कृत अतसी म्हणजे जवस. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिताना एका छोट्या सूत्रात दोनच शब्द बसवले, अतसी आणि सातवाहन, आणि सांगितलं की यांच्या त-चा ल होतो. अतसीची झाली अलसी. सातवाहनाचा झाला सालाहण, आणि त्याच वाटेने पुढे शालिवाहन. म्हणजे ज्यांचा लेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात कोरलेला आहे त्या राजघराण्याचं नाव आणि तुमच्या पाकिटावरचा शब्द एकाच फेरफारातून गेलेत. मला तरी हे जवसाच्या सगळ्या गुणवर्णनापेक्षा जास्त पौष्टिक वाटतं. मराठीत ल-चा ळ होऊन 'अळशी' झाली आणि इथेच घोटाळ्याला जागा मिळाली: अळीव, अळशी, दोन्ही 'अळ'ने सुरू, दोन्ही तपकिरी, दोन्ही 'तब्येतीला चांगलं'.

जवसाचं आणखी एक संस्कृत नाव क्षुमा. त्याच्या धाग्याचं वस्त्र ते क्षौम, म्हणजे आजचं लिनन. आपल्याकडे हे पीक मुख्यतः तेलबियांसाठी घेतलं. क्रिकेटच्या नव्या बॅटला पाजतात ते तेल याचंच. खायचं तर भाजून, कुटून, चटणी करून. अख्खा दाणा कडक सालीमुळे पुष्कळदा तसाच पोटातून बाहेर पडतो.

ओळखायला सोपं आहे. जवस चपटं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. अळीव त्याहून बराच बारीक, लांबट, लालसर. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात टाका. थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरतं आणि वाटी भरून येते. जवसही भिजवलं की चिकट होतं, पण असं फुगत नाही. या भिजलेल्या अळिवात ओलं खोबरं आणि गूळ घालून मिश्रण गोळा होईपर्यंत आटवलं की लाडू. थंडीत आणि बाळंतिणीला हे देतात. गरोदरपणी मात्र आपल्याकडच्या बायका ते टाळतात.

राहिली पाटी. तिथे 'अळीवाचे' नको, 'अळिवाचे' हवं. शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असेल तर प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होतं: गरीब, गरिबाला; जमीन, जमिनीचा. शरीरासारखे तत्सम शब्द याला अपवाद, पण अळीव काही संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही. तेव्हा अळिवाचे लाडू, हळिवाची खीर. दुकानदाराला सांगायला जाणार असाल तर आधी लाडू घ्या, मग सांगा.