'रेड' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

बातम्यांत 'अमक्याच्या घरी रेड पडली' असं म्हणतात, तो शब्द 'राइड'वरून आला का आणि 'अ‍ॅटॅक'पेक्षा वेगळा कसा, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ 'हो' असंच आहे. 'राइड' हा त्याचा चुलतभाऊ. सख्खा भाऊ म्हणजे 'रोड', आपला रस्ता.

जुन्या इंग्रजीत 'राड' असा शब्द होता. अर्थ: घोड्यावरून जाणं, घोडदौड. पुढे दक्षिण इंग्लंडमध्ये त्यातल्या 'आ'चा 'ओ' झाला, आणि उत्तरेकडे, स्कॉटलंडात, 'ए'. हे या एकाच शब्दाच्या बाबतीत झालेलं नाही. दगडाला दक्षिणेत 'स्टोन' तर स्कॉट बोलीत 'स्टेन', घराला 'होम' तर तिकडे 'हेम'. त्याच न्यायाने एकीकडे 'रोड' उरला आणि दुसरीकडे 'रेड'.

गंमत म्हणजे 'रोड'लाही पूर्वी हल्ल्याचा अर्थ होता. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये राजाला काळजी असते की आपण फ्रान्सला गेलो तर मागे स्कॉट आपल्यावर 'रोड' करतील. 1611 च्या इंग्रजी बायबलात आखीश राजा त्याच्या आश्रयाला आलेल्या दावीदाला विचारतो, आज कुठे 'रोड' केलात? 'इनरोड' (शिरकाव, घुसखोरी) या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे.

'रेड'ला आजचा रंग चढला तो इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर. तिथली 'रीव्हर' म्हणवणारी घराणी पिढ्यानपिढ्या एकमेकांची गुरं पळवत. मुख्य हंगाम शरद ते हिवाळा: रात्री मोठ्या, आणि उन्हाळाभर चरून गुरं धष्टपुष्ट, म्हणजे लांब हाकत नेली तरी टिकणारी. लहान चणीचे काटक घोडे, जाड शिवलेला अंगरखा, लोखंडी टोप आणि भाला एवढ्यावर काम चाले. ज्याची गुरं गेली त्यालाही सीमेच्या कायद्याने हक्क होता: सहा दिवसांच्या आत सीमा ओलांडून पाठलाग करता येई. मात्र तो उघडपणे करायचा, कुत्री आणि शिंग घेऊन, भाल्याच्या टोकाला दलदलीतल्या जळाऊ मातीचं पेटतं ढेकूळ लावून. तसं केलं नाही तर पाठलाग करणाराच दरोडेखोर ठरण्याची भीती. जाता जाता, 'ब्लॅकमेल' हा शब्दही स्कॉटलंडातलाच. गुरं सुरक्षित राहावीत म्हणून लुटारूंना द्यायची ती खंडणी.

1603 मध्ये दोन्ही राज्यांना एकच राजा मिळाला, सीमेवरची ही घराणी मोडून काढली गेली आणि शब्दही मागे पडला. तो पुन्हा चलनात आणण्याचं श्रेय स्कॉटिश लेखक सर वॉल्टर स्कॉटला देतात. सीमेवरच्या जुन्या कथांवर त्याने 1805 मध्ये रचलेल्या दीर्घकाव्यात तो आला आणि मग सर्वत्र इंग्रजीत पसरला. पुढे घोडा सुटला तरी शब्द राहिला: जानेवारी 1915 मध्ये जर्मन झेपलिननी, म्हणजे अजस्र हवाई जहाजांनी, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बॉम्ब टाकले, तेही 'एअर रेड'च.

आता फरक. माझ्या मते कळीचा मुद्दा अचानकपणा नाही, परत जाणं हा आहे. रेड म्हणजे यायचं, काम उरकायचं, निघून जायचं. तिथेच ठाण मांडलं तर ती 'इन्व्हेजन'. 'अ‍ॅटॅक' हा सगळ्यांना पोटात घेणारा ढोबळ शब्द. दबा धरून बसलात आणि शत्रू तुमच्याकडे चालत आला तर तो 'अँबुश'. रेडमध्ये चालून जायचं काम तुमचं. म्हणून लाल महालावरच्या छाप्याला 'रेड' चपखल बसतो. पानिपतच्या मोहिमेला कोणी रेड म्हणालं तर ते चूक.

मराठीत 'छापा' आणि 'धाड' हे नेहमीचे पर्याय. पण घडणीने सर्वात जवळचा शब्द 'स्वारी'. फारसी 'सवार' म्हणजे घोडेस्वार, त्यावरून स्वारी, आणि तिचा अर्थ लष्करी चाल. अगदी 'राड'सारखाच प्रवास. कबड्डीतली 'चढाई' इंग्रजीत 'रेड' होते, आणि तिथे शब्द नेमका वापरलाय: 30 सेकंदांत गडी टिपायचा आणि आपल्या अंगणात परत यायचं, परत आला नाही तर चढाईपटूच बाद.

वापरताना दोन चुका हमखास होतात. नाम असेल तेव्हाच पुढे 'ऑन' येतो: 'अ रेड ऑन द हॉटेल'. क्रियापद असेल तर 'द पोलिस रेडेड द हॉटेल'. 'रेडेड ऑन' नाही. दुसरी चूक उच्चाराची. यातला 'ए' लांब, 'ट्रेन'मधल्यासारखा, आणि लाल रंगाच्या 'रेड'मधला आखूड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे घोळ होतो.

आयकराच्या बातम्यांत मात्र 'रेड' हा पत्रकारांचा शब्द. 31 मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 132 मध्ये 'सर्च अँड सीझर', म्हणजे झडती आणि जप्ती असं होतं. ती घरीही होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम 133अ मधला 'सर्व्हे' वेगळा: तो धंद्याच्या जागी, धंदा चालू असण्याच्या वेळेत सुरू करायचा, आणि त्यात रोकड किंवा माल जप्त करता येत नसे. पेपरवाले दोन्हींना सरसकट धाड म्हणून मोकळे होतात.

आणि सर्व्हरच्या हार्ड डिस्कच्या संदर्भात 'रेड 1', 'रेड 5' दिसलं तर या सगळ्याशी त्याचा काही संबंध नाही. ते बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी 1988 मधल्या शोधनिबंधात मांडलेलं आद्याक्षरी नाव आहे.