शतावरी-अश्वगंधा घेऊ का?

प्रश्न : माझे वय ५१ असून दोन वर्षांपूर्वी पाळी थांबली. तेव्हापासून संबंधांच्या वेळी आग होते, इच्छाही उरलेली नाही. थायरॉईडसाठी थायरॉक्सिनची गोळी रोज चालू आहे. शेजारच्या काकूंनी शतावरी-अश्वगंधाचे चूर्ण आणि तुरटीच्या पाण्याने आतून धुणे सुचवले आहे. करावे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्याने योनीमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्यामुळे ही आग होते, त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. तुरटीचे पाणी मात्र कृपया वापरू नका, कारण तिच्या तुरट गुणाने कोरडेपणा आणि जळजळ वाढू शकते. बाहेरून साधे पाणी पुरे.

शतावरी आयुर्वेदात स्त्रियांसाठी परंपरेने दिली जाते, परंतु कोरडेपणा तिने जातो असा भक्कम पुरावा नाही. अश्वगंधाबाबत माझा स्पष्ट नकार आहे : तिने थायरॉईड संप्रेरके वाढू शकतात, आणि तुमची गोळी चालू असताना छातीत धडधड, हातांना कंप असे त्रास उद्भवू शकतात. क्वचित यकृतालाही इजा झाल्याची नोंद आहे.

औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित वंगण जेल चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधांपूर्वी ते लावावे. तेवढ्याने भागले नाही, तर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातही स्त्रीरोग विभाग आहे. पाळी थांबल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी लांबवू नका.