डॅशबोर्डला चमक नको, संरक्षण हवं

पहिलीच गाडी आहे ना, मग चकचकीत डॅशबोर्डचा मोह आधी सोड. ती चमक उन्हात समोरच्या काचेवर उमटते आणि रस्ता नीट दिसत नाही. बाटलीवर ‘मॅट’ किंवा ‘नॅचरल फिनिश’ लिहिलेलं, पाण्यावर आधारित आणि यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) संरक्षण देणारं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर लावायचं संरक्षक द्रव्य, घे. सॉल्व्हेंटवालं, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावक असलेलं तेलकट ड्रेसिंग टायरला ठीक. आत लावलंस तर धूळ चिकटत राहील. सिलिकॉनचं नाव ऐकून मात्र दचकू नकोस, पाण्यावर आधारित ड्रेसिंगमधलं सिलिकॉन व्हिनाइलला, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मऊ प्लास्टिकला, खात नाही. व्हिनाइलचं खरं वाटोळं करतात ते ऊन आणि उष्णता. त्यातला मऊपणा देणारा घटक हळूहळू उडून जातो आणि काचेवर आतून धुरकट थर धरतो, तो तोच बऱ्याचदा.

आधी सौम्य क्लीनरने पुसून पूर्ण सुकू दे. मळावर ड्रेसिंग म्हणजे न धुतलेल्या केसांना तेल! थेट फवारू नकोस, बटणांत आणि स्क्रीनवर जातं. स्पंजवर थोडंसं घे, पातळ लाव, पाचेक मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पूस. मी सुरुवातीला हे शेवटचं पुसणंच टाळायचो, म्हणून सगळं चिकट व्हायचं.

स्टीअरिंग, गिअरची मूठ आणि पेडल यांना मुळीच लावू नकोस, हातपाय घसरतील.