पुण्याहून अंदमानला, आणि तिथून हॅवलॉकला कसं जायचं?

विमानानेच जा. चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) साधारण सव्वादोन तासांत येतं. या शहरांतून बोटही असते, पण तिला तीनेक दिवस लागतात. आठवड्याच्या सुट्टीत ते जमायचं नाही.

खरी आखणी लागते ती पुढच्या टप्प्याला. हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, विमानतळ नाही. खासगी कॅटामरान (जलद प्रवासी बोटी) पोर्ट ब्लेअरहून दीड-दोन तासांत पोचवतात. तिकीट महाग असतं, पण ऑनलाइन मिळतं. डिसेंबरात जाणार असाल तर विमानाबरोबरच काढून ठेवा. सरकारी बोट बरीच स्वस्त, वेळ अडीच तासांच्या आसपास. मात्र बेटावरच्या लोकांची ती रोजची एसटीच आहे, तेव्हा जागा मिळेलच असं धरू नका. बोट लागत असेल तर निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्या आणि मागच्या बाजूची सीट मागा, तिथे हेलकावे कमी बसतात.

हॅवलॉकवर स्कूटर भाड्याने घ्या. राधानगर किनारा जेट्टीपासून 12 किलोमीटरवर आहे आणि सूर्य पाच-साडेपाचलाच मावळतो, म्हणून चारलाच निघा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम करा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पावसाळ्यात तर हमखास.