टायटल मॅच कशी बघायची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दादा, बाबा साताऱ्याकडचे, जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठे झालेत. मी रेसलिंग लावलं की म्हणतात निकाल आधीच ठरलाय, ही कसली कुस्ती! त्यांना काय सांगू? (कोपरखैरणे)

वाद घालूच नको, बाबा बरोबर बोलतायत. निकाल ठरलेलाच असतो, पण तिथपर्यंत पोचायचं कसं हे बऱ्याचदा रिंगमध्येच जुळवावं लागतं आणि खरी कला तिथंच आहे. 1992 चा समरस्लॅम घे, म्हणजे अमेरिकन रेसलिंग कंपनी डब्ल्यूडब्ल्यूईचा मोठा वार्षिक शो. लंडनचं वेम्बली, 80 हजारांवर पब्लिक, इंटरकॉन्टिनेंटल टायटलसाठी (म्हणजे त्या चॅम्पियनच्या बेल्टसाठी) ब्रेट हार्ट विरुद्ध त्याच्या बहिणीचा नवरा ब्रिटिश बुलडॉग. ब्रेटने नंतर सांगितलंय की बुलडॉग सुरुवातीलाच सगळं ठरलेलं विसरला, मग ब्रेटने होल्ड (पकडी) लावून लावून कानात पुढचं सांगत आख्खी मॅच ओढून नेली आणि वर हरलाही तोच. बाबांना फक्त शेवट दाखव. ब्रेट सनसेट फ्लिप मारतो (समोरच्याच्या अंगावरून उलटून त्याला पाठीवर पाडायचा डाव), बुलडॉग तिथल्या तिथं खाली बसून त्याचेच पाय अडकवतो आणि खांदे टेकवून तीन काउंट घेतो. डावाला प्रतिडाव आणि चितपट, ते ओळखतील बघ.

टेक्निकल मॅच म्हणजे दहा मिनिटं चिनलॉक (हनुवटीची पकड) लावून बसणंच ना? मला जाम बोअर होतं. (घोडबंदर रोड)

नुसतं बसणं असेल तर मलाही होतं. होल्ड किती लावले हे मोजूच नका, त्या होल्डचं पुढे काय झालं ते बघा. एखाद्याच्या गुडघ्यावर पाच मिनिटं काम केलं आणि नंतर तोच माणूस ससा पळावा तसा पळतोय, तर ती पाच मिनिटं वाया गेली, मग मूव्ह कितीही भारी असोत. उलट लंगडतोय, टॉप रोपवर चढायला वेळ लागतोय, त्या अर्ध्या सेकंदात समोरचा उठून बसतोय, ह्याला सेलिंग म्हणतात आणि माझ्या मते टेक्निकल मॅचचा जीव ह्यातच आहे.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे 2004 चं रेसलमेनिया 20 (डब्ल्यूडब्ल्यूईचा सगळ्यात मोठा शो), न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एडी गरेरो चॅम्पियन आणि समोर कर्ट अँगल, जो 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचा खराखुरा गोल्ड मेडलिस्ट. अँगलचं हुकमी हत्यार अँकल लॉक, एकदा घोटा हातात आला की सुटका नाही. एडी कसाबसा सुटतो, खाली बसतो आणि बुटाची लेस सैल करतो. आपल्याला वाटतं पाय सुजला असेल बिचाऱ्याचा. अँगल परत येऊन पाय पकडतो, पीळ देतो आणि बूटच त्याच्या हातात येतो! तो एक क्षण बघत राहतो, तेवढ्यात एडीने त्याला स्मॉल पॅकेजमध्ये (खांदे टेकवायचा झटपट डाव) गुंडाळला, वन टू थ्री, खेळ खलास. ताकदीत अँगल सरस, शास्त्रातही सरस, तरी बेल्ट एडीकडेच, कारण एडीचं कॅरेक्टरच लबाडीवर जिंकणारं होतं. डाव आणि माणूस एकमेकांना फिट्ट बसले की असं होतं. नुसत्या सुप्लेक्स (उचलून मागे आपटायचे डाव) मोजणाऱ्यांना हे कधी कळणार नाही, असो.

बेल्ट पणाला असला की मॅचमध्ये नेमकं काय बदलतं? (नेरूळ)

गणित बदलतं. डब्ल्यूडब्ल्यूईत डिस्क्वालिफिकेशन (नियम मोडून बाद) किंवा काउंटआऊटवर (रिंगबाहेर राहून बाद) टायटल सहसा हातबदल होत नाही, बरोबरी झाली तरी चॅम्पियन तोच. म्हणजे चॅलेंजरला जिंकावंच लागतं, चॅम्पियनला न हरणं पुरतं. 1996 ची ब्रेट आणि शॉन मायकल्सची आयर्न मॅन मॅच (ठरलेल्या वेळात जास्त वेळा जिंकेल तो विजेता) सगळी ह्याच गणितावर उभी आहे. 60 मिनिटं संपली तेव्हा शॉन शार्पशूटरमध्ये (ब्रेटची पायांना पीळ देणारी पकड) अडकलेला, स्कोअर 0-0, ब्रेट बेल्ट घेऊन निघाला, आणि मग त्याला परत बोलावून जादा वेळेत सडन डेथ खेळवली, म्हणजे पहिला जिंकेल तो विजेता. शॉनची सुपरकिक, नवा चॅम्पियन. खरं सांगू का, पहिला अर्धा तास मला लांबलेला वाटतो, लोक रागावतात असं म्हटलं की. पण वेळ संपत आल्यावर चॅलेंजर कसा घायकुतीला येतो ते बघायला ही मॅच बेस्ट.

हेडलॉक, आर्मबार सगळे डावीकडेच का लावतात? (कळवा)

ट्रेनिंगच तसं असतं. अमेरिकेत डावी बाजू ठरलेली, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा भेटलेले दोघेही गोंधळ न होता काम करू शकतात. मेक्सिकोत मात्र उजवीकडून.

मी नवीन आहे, रोज ठाणे-वाशी लोकलने जाते, सीट मिळाली तर फोनवर बघते. कुठून सुरू करू? (कोपरी)

1987 च्या रेसलमेनिया 3 मधली रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. 15 मिनिटांच्या आत संपते, म्हणजे वाशीच्या आधी दुसऱ्यांदाही बघून होईल. सॅव्हेजने प्रत्येक मूव्ह आधीच पाठ करून घेतली होती, वर सांगितलेल्या वेम्बलीच्या बरोब्बर उलट. पहिल्यांदा मजा घ्या, दुसऱ्यांदा फक्त हरणाऱ्याकडे बघा, तो किती काम करतोय ते दिसेल. जपानमधली ओकाडा विरुद्ध ओमेगाची जून 2018 वाली लोकलमध्ये सुरू करू नका, ती तासाभराच्या वर चालते. त्याआधी त्या दोघांच्या 2017 च्या जानेवारी आणि जूनच्या टायटल मॅच बघा. जूनची 60 मिनिटं चालून बरोबरीत सुटली होती, म्हणून 2018 ला वेळेची मर्यादाच काढून टाकली. रविवारी दुपारी जेवून निवांत लावा.