न्यायासन, निवाडा, दंडाज्ञा आणि हिशेब

प्रश्न असा आला आहे : मराठी ख्रिस्ती प्रवचनांत ‘विश्वास ठेवणाऱ्याचा न्याय होणार नाही’ हे वाक्य ऐकू येते आणि ‘आपण सर्व ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहणार आहोत’ हेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. मग ‘न्यायासन’ आणि ‘न्यायनिवाडा’ हे शब्द समानार्थी मानायचे का, आणि विश्वासणाऱ्याच्या संदर्भात नेमका कोणता शब्द योग्य?

दोन्ही वाक्यांना नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचा, आधार आहे. पहिले योहान ५:२४ वर उभे आहे, तर दुसरे २ करिंथ ५:१० वर. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी ‘क्रिसिस’ म्हणजे न्यायाची क्रिया आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बेमा’ म्हणजे चौथरा. ‘बेमा’चा जुना अर्थ पाऊल किंवा पायरी, पुढे वक्त्याच्या आणि रोमी अधिकाऱ्याच्या उंच आसनाला हा शब्द रूढ झाला. रोमी सुभेदार पिलात येशूचा खटला चालवायला बसला तो बेमावरच, आणि करिंथ शहरात इ. स. ५१च्या सुमारास अखया या ग्रीक प्रांताचा रोमी अधिकारी गल्लियो याच्यापुढे प्रेषित पौलाला खेचून नेले तेही बेमासमोरच. गल्लियोने तक्रार ऐकूनही घेतली नाही, सर्वांना तेथून हाकलून दिले. त्याच गावच्या ख्रिस्ती मंडळीला पौल पुढे ‘ख्रिस्ताच्या बेमा’विषयी लिहितो, तेव्हा वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या चौकातला दगडी चौथरा असणार. ‘न्यायासन’ हा मराठी प्रतिशब्द म्हणून अचूक आहे. तो जागा आणि अधिकार दाखवतो, निकाल काय लागेल ते सांगत नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील मोठ्या पांढऱ्या आसनासाठी ग्रीकमध्ये ‘थ्रोनोस’ हा निराळा शब्द आहे, आणि मराठी बायबलही तेथे ‘राजासन’ म्हणते.

‘निवाडा’ची गोष्ट अधिक रंजक आहे. हा शब्द ‘निवडणे’शी जोडलेला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत वतनाचा तंटा मिटला की निवाडपत्र करून देत, म्हणजे कोणाचा हक्क खरा आणि कोणाचा खोटा हे निवडून वेगळे करून लिहून देत. ग्रीक ‘क्रिनो’ या धातूचाही मूळ अर्थ वेगळे करणे, निवडणे असाच आहे, आणि मत्तय २५ मध्ये मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो ते चित्र या अर्थाला धरूनच येते. ‘न्यायनिवाडा’ या जोडशब्दात ‘न्याय’ने तत्त्व सांगितले आणि ‘निवाडा’ने कृती, अशी वाटणी झाली आहे, माझ्या मते हा जोडशब्द नुसत्या ‘न्याया’पेक्षा मूळाच्या जवळ जातो.

प्रश्नातील विरोध सुटतो तो ‘दंडाज्ञा’ या तिसऱ्या शब्दापाशी. रोम ८:१ मध्ये ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही असे म्हटले आहे. ग्रीक शब्द ‘काटाक्रिमा’, म्हणजे दोषी ठरवणारा निकाल. योहान ५:२४ मधील ‘क्रिसिस’ही बहुतेक भाष्यकार याच अर्थाने घेतात. विश्वासणारा न्यायासनासमोर येतो, त्याच्या कामांची परीक्षा होते, मात्र दंडाज्ञा होत नाही, अशी ही मांडणी आहे. १ करिंथ ३ मध्ये पौल पाया (ख्रिस्त) आणि त्यावरची इमारत (माणसाची कामे) असा भेद करतो : सोने, रुपे आणि मोलवान पाषाण अग्नीत टिकतात, लाकूड, गवत आणि पेंढा जळून जातात, ज्याचे काम जळाले त्याचे नुकसान होते, तरी तो स्वतः वाचतो, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा.

येथून पुढे पंथांच्या वाटा फुटतात. कॅथलिक शिकवणीत मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय आणि जगाच्या अंती सार्वत्रिक न्याय असे दोन प्रसंग मानतात. वेस्टमिन्स्टर परंपरेतील (सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र मानणारे) प्रॉटेस्टंट एकच सार्वत्रिक न्याय मानतात, ज्यात विश्वासणाऱ्यांना सर्वांसमक्ष निर्दोष ठरवले जाईल. युगवादी (देवाचा मानवाशी व्यवहार वेगवेगळ्या युगांत विभागून पाहणाऱ्या) मंडळींत न्यायासन फक्त विश्वासणाऱ्यांचे आणि पांढरे राजासन इतरांचे, अशी काटेकोर विभागणी करतात. ‘न्यायासन’ आणि ‘न्यायनिवाडा’ यांच्या वापरातला फरक बऱ्याचदा वक्ता यांपैकी कोणत्या परंपरेतला आहे त्यावरून पडतो.

राहिला ‘हिशेब’. रोम १४:१२ मध्ये प्रत्येक जण स्वतःविषयी देवाला हिशेब देईल असे आहे, आणि लूक १६ मधील कारभाऱ्याकडे धनी मागतो तोही हिशेबच. अरबीतून आलेल्या या व्यवहारी शब्दात आरोप गृहीत धरलेला नाही. धन्याचा माल सांभाळणाऱ्याने तो कसा वापरला ते सांगायचे, एवढाच त्याचा आशय. म्हणून विश्वासणाऱ्याच्या उत्तरदायित्वासाठी मी ‘हिशेब देणे’ हाच प्रयोग निवडीन, आणि देव ‘हिशेब घेतो’ हेही चालेल. मात्र ‘देव हिशेब चुकता करील’ असे एखाद्या प्रवचनात कानांवर पडते, ते टाळावे. मराठीत हिशेब चुकता करणे म्हणजे सूड उगवणे असाही अर्थ होतो, आणि पौलाच्या वाक्यात त्याला जागा नाही.